वकील आणि कवि : लोकनायक अणे

एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकन कवि जेम्स रसेल लॉवेल हा आधीं काव्यानें प्रसिद्धीस आला व उतारवयांत, १८७७ पासून १८८५ पर्यंत, प्रथम माद्रिद व नंतर लंडन येथें आपल्या राष्ट्राचा वकील म्हणून राहिला. हाच योग उलट क्रमानें घडलेला पाहावयाचा तर वऱ्हाडांत जावें लागतें. यवतमाळ जिल्ह्यांत अरुणावतीच्या कांठीं आर्णी हें गांव आहे. त्याच्या पूर्वेस वणी, पश्चिमेस पुसद. वणीस २९ ऑगस्ट १८८० रोजीं माधव श्रीहरि अणे यांचा जन्म झाला, आणि पुसदच्या रानांत १० जुलै १९३० रोजीं त्यांनीं कायदेभंग केला. वऱ्हाडाला समुद्र नाहीं. मीठ करून कायदा मोडावा तर तें करावें कोठें? म्हणून राखीव जंगलांतलें गवत कापण्यांत आलें व अणे तुरुंगांत गेले.

पेशवाईंत परदरबारीं राहणाऱ्या मुत्सद्द्यास वकील म्हणत. अण्यांच्या ठायीं या शब्दाचे दोन्ही अर्थ जमले. यवतमाळास कायद्याची वकिली केलेले हे गृहस्थ १९४३ सालीं हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि होऊन सिलोनांत गेले. त्यापूर्वीं दोन वर्षें ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत होते. फेब्रुवारी १९४३ मध्यें गांधीजींचें उपोषण चालू असतां होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनीं राजीनामा दिला. आणि त्याच वर्षीं त्याच सरकारची ही दुसरी नेमणूक पत्करली! काँग्रेसचे पुढारी तुरुंगांत असतां हें करावें काय, असा प्रश्न उठणारच. तथापि चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या तामिळ मजुरांचें गाऱ्हाणें मांडण्यास तेथें कोणी तरी हवें होतें, आणि तें काम तुरुंगांतून होण्यासारखें नव्हतें. टिळकांच्या प्रतिसहकाराचा अर्थ अण्यांनीं आयुष्यभर असाच लावला.

यश मात्र आलें नाहीं. १९४७ सालीं ते परतले. पुढील दोन वर्षांत स्वतंत्र सिलोनच्या कायद्यांनीं त्या मजुरांपैकीं बहुतेकांचें नागरिकत्व व मत हिरावलें. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानें त्यांतील ५,२५,००० माणसें भारताच्या व ३,००,००० सिलोनच्या वांट्यास आलीं आणि उरलेल्यांचा प्रश्न पुढें ढकलला गेला. अणे तेव्हां लोकसभेंत नागपूरचे प्रतिनिधि होते.

मधल्या काळांत, १९४८ ते १९५२, ते बिहारचे राज्यपाल होते. परंतु त्यांच्या उत्तरायुष्याचें खरें काम ‘श्रीतिलकयशोर्णव’ हें होय. लोकमान्यांचें हें संस्कृत पद्यचरित्र तीन खंडांचें आहे आणि त्याची श्लोकसंख्या १२,००० च्या वर जाते. अणे २६ जानेवारी १९६८ रोजीं वारले. ग्रंथ छापून झालेला पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. १९७३ चें साहित्य अकादमीचें पारितोषिकहि त्यांच्या पश्चातच मिळालें.

लॉवेलनें मेक्सिकोवरील युद्धाचा निषेध ‘बिग्लो पेपर्स’मध्यें केला तो न्यू इंग्लंडच्या खेडवळ बोलींत. पुसदच्या शेतकऱ्यांबरोबर उभे राहिलेल्या अण्यांनीं आपल्या गुरूसाठीं देववाणी निवडली. टिळकांनीं सामान्यांस जागें केलें तें मराठींतून. त्यांचें हें थोरलें चरित्र मात्र त्याच सामान्यांस सहजीं वाचतां येत नाहीं, ही रुखरुख राहते. अण्यांच्या विद्वत्तेस ती उणेपणा आणीत नाहीं. त्या १२,००० श्लोकांतले निवडक दोनशे मराठी अर्थासह शाळांतून गेले, तर आर्णी-पुसदच्या मुलांस आपल्या जिल्ह्याच्या या कवीची ओळख तरी होईल.