सोंग आणि रजा

श्याम बेनेगल यांच्या १९८१ सालच्या ‘कलयुग’ चित्रपटात महाभारत घडते ते दोन उद्योगपती घराण्यांत. युद्ध मालकांचे, कामगार त्यात दुय्यम! आता आपल्याच जिल्ह्यातील मोखाडा-जव्हारकडे पाहा. तेथील बोहाड्यात रावणाचे, नरसिंहाचे सोंग शेतकरी-मजूरच घेतो आणि मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर नाचतो. सोंगाचा मान घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत येतो. मुरबेकरांनो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहताना तुम्ही कोणाची परवानगी मागता काय? मग कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या त्या घरच्या पोराने बोहाड्याच्या रात्रीसाठी रोजावर पाणी का सोडावे? पुराण ज्यांनी स्वतःच्या अंगावर वागवून जिवंत ठेवले, त्यांच्या पगारी रजेची मागणी आपल्या मागणीपत्रकात आलीच पाहिजे.