प्रबंधाची एक प्रत गावासाठी

(खानदेशविषयक संशोधन पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी अमळनेर येथे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



खानदेशाच्या बोलींवर, शेतीवर, लोकगीतांवर प्रबंध लिहून ज्यांनी पदवी संपादन केली, त्या सर्वांचे मी प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. शेतकऱ्याचा वा शेतमजुराचा मुलगा आपल्याच मुलखाचा अभ्यासक व्हावा, ही घटना सामान्य नव्हे. १९०७ साली ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिली बोलींसमवेत खानदेशीची नोंद झाली. ते काम मोलाचे होते. पण ते परक्या सरकारने करविले होते. आज तेच काम या मातीतील मुले-मुली करीत आहेत.

तथापि, कौतुकाच्या या प्रसंगी मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. हे प्रबंध वाचतो कोण? मार्गदर्शक वाचतात, परीक्षक वाचतात. पुढे ग्रंथालयाचे कपाट असते किंवा ‘शोधगंगा’ हे संगणकीय भांडार. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमांनी प्रबंधापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे सक्तीचे केले. २०२२मध्ये ही सक्ती उठविली. मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे देशभर पेव फुटले. निबंधांची संख्या मोजली गेली, त्यांचा उपयोग कोणी मोजला नाही. यात दोष विद्यार्थ्यांचा नाही. ज्या व्यवस्थेत ज्ञान हे बढतीचे साधन बनते, तिचे हे फळ आहे.

आपल्या प्रदेशाची परंपरा मात्र निराळी आहे. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले आणि मिळालेली साधने त्यांनी लोकांसमोर ठेवली. १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले. या अमळनेरात १९१६ साली प्रतापशेटांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तेथे अध्ययनासाठी आलेले साने गुरुजी पुढे येथल्याच शाळेत शिक्षक झाले आणि वसतिगृहातील मुलांसाठी स्वहस्ते ‘छात्रालय दैनिक’ लिहू लागले. तत्त्वज्ञानाचा हा विद्यार्थी समोरच्या पोरांना समजेल असे रोज लिहीत होता. विद्वत्ता त्यामुळे उणावली नाही.

१९५२ साली येथे साहित्य संमेलन भरले, तेव्हा भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष होते. त्याच वर्षी बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने आली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. घरच्यांनी ती गाणी टिपून घेतली म्हणून उरली. २०१८पासून जळगावचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करते. ज्या विद्यापीठाला निरक्षर कवयित्रीचे नाव आहे, त्याच्यावर निरक्षरांचे ऋण अधिक आहे, असे मी मानतो.

जात्यावरच्या ओव्या सांगणारी आजी प्रबंधाच्या परिशिष्टात ‘माहितीदार’ म्हणून एका ओळीत येते. तिने सांगितलेल्याचे पुढे काय झाले, हे तिला कळत नाही. २०११च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे १८ लाखांहून अधिक होते. त्यांच्या बोलीवरील संशोधन त्यांनाच अगम्य राहावे, हे लोकशाहीला शोभणारे नाही.

यावर काही विद्वान म्हणतील, शास्त्राला शास्त्राची परिभाषा लागतेच. मला ते मान्य आहे. प्रबंध काटेकोरच असावा. परंतु त्यासोबत चार पानांचा सुबोध गोषवारा लिहावा, जिथून सामग्री गोळा केली त्या गावात तो वाचून दाखवावा आणि प्रबंधाची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. गावकरी चुका काढतील, भर घालतील. संशोधनाला याहून चांगला परीक्षक कोठे मिळणार?

कार्यकर्त्यांनाही माझी विनंती आहे. सभा भरविणे आपल्याला येते. वर्षातून एक सभा अशा वाचनासाठी भरवा. सतरंजी तुम्ही अंथरा, प्रबंध हे विद्यार्थी घेऊन येतील, आणि पहिल्या रांगेत त्या आजीला बसवा.