हत्तीरोगावरील सूक्ष्मशस्त्रक्रिया : कोणता खर्च मोजायचा?

(भिलाईजवळील रसमडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



१९५५ या वर्षी भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. हत्तीरोगाच्या दुरीकरणासाठी मात्र आता २०२७ चे उद्दिष्ट समोर आहे.

या रोगाचे कृमी घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासांमार्फत शरीरात शिरतात आणि लसिकावाहिन्या निकामी करतात. मग द्रव पायात साचतो व सूज येते. २००४ पासून देशात सामूहिक औषधोपचार मोहीम राबविली जात आहे. तीन औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीसाठी २०१८-१९ मध्ये प्रथम निवडलेल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर जिल्हा होता. या गोळ्यांनी रोगाचा प्रसार थांबतो. परंतु सुजलेला पाय पूर्ववत होत नाही.

अशा रुग्णांच्या संदर्भात सूक्ष्मशस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. मिलिमीटरहूनही बारीक लसिकावाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारच्या शिरेला जोडली जाते आणि साचलेल्या द्रवाला रक्तप्रवाहात वाट मिळते. तंजावर येथे डॉ. एस. जमाल यांनी हत्तीरोगाच्या रुग्णांवर असे काम केले. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. मात्र या उपचाराचा लाभ सुरुवातीच्या अवस्थेत अधिक असतो. पायात मेद साचून त्वचा जाड व कठीण झाल्यावर तो घटतो. शस्त्रक्रियेनंतरही दाबपट्टी आणि पायाची निगा सुटत नाही.

आता अर्थशास्त्राकडे वळू. येथील औद्योगिक वसाहतीत पूर्ण पाळी उभ्याने काम करणारा एखादा कंत्राटी कामगार डोळ्यांसमोर आणा. ताप व सुजेचा झटका आला की त्याची कित्येक दिवसांची मजुरी बुडते. पुढे कामही जाते. शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णालयाच्या देयकावर दिसतो, बुडालेली मजुरी कोणत्याच हिशेबात येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया महाग वाटते आणि विलंब फुकटचा. प्रत्यक्षात हा विलंबच गरिबाला अशा अवस्थेत नेतो, जेथे शस्त्रक्रियेचाही फारसा उपयोग उरत नाही.

यावरून धोरणाचा क्रम स्पष्ट होतो. सूज प्रथम दिसताच तिची नोंद व्हावी. साबण-पाण्याने पाय रोज धुणे, कोरडा करणे, उंचावर ठेवणे, बोटांमधील जखमांवर वेळीच उपचार करणे हे प्रत्येक रुग्णाला शिकवले जावे. ज्यांना शस्त्रक्रिया उपयुक्त ठरेल, त्यांची वेळेत निवड होऊन त्यांना सार्वजनिक रुग्णालयात ती मिळावी आणि त्या काळातील मजुरीचीही तरतूद असावी. पहिल्या दोन पायऱ्यांवाचून तिसरीवर केलेला खर्च वाया जाईल. आणि तिसरीच नाकारली, तर ज्यांच्या श्रमावर हे कारखाने उभे आहेत, त्यांच्याच पायांकडे आपण पाठ फिरवली असे होईल.