हा माणूस कोणाचा? अंगठा देण्याआधी विचारायचे प्रश्न

(मोशी इथं कामाला आलेल्या आपल्या गावकऱ्यांच्या बैठकीतलं भाषण. गावोगावच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



इथं बसलेले बरेच जण जुन्नर, आंबेगाव, खेडच्या डोंगरपट्ट्यातले. घर तिकडं, काम इकडं मोशी, भोसरी, चाकणला. आपण इकडं असलो की गावचा व्यवहार दुसरा कोणी बघतो. इकडं कंपनीच्या दारात आपल्याशी बोलतो तोही मालक नसतो, मालकाचा माणूस असतो. तर दुसऱ्याच्या नावानं केलेला व्यवहार कोणावर बसतो, आणि कधी बसत नाही, एवढंच आज समजून घेऊ.

कायदा जुना आहे. 1872 चा करार कायदा, कलम 182 पासून पुढं. आपल्या वतीनं तिसऱ्याशी व्यवहार करायला आपण ज्याला नेमतो तो अभिकर्ता. आपण साधं एजंट म्हणू. नेमणारा तो मालक. तुम्ही भाच्याला म्हणालात, "माझी बकरी बाजारात विकून ये," तर तुम्ही मालक, भाचा एजंट. कागद लागत नाही. त्याला मजुरी ठरवली पाहिजे असंही नाही. भाच्यानं विकली म्हणजे तुम्ही विकली. तुम्ही बजावलं होतं की पाच हजाराच्या खाली देऊ नको, आणि त्यानं चार हजाराला दिली, तरी घेणाऱ्याला ते ठाऊक नसेल तर सौदा पक्का. तुम्हाला नुकसानभरपाई मागायची तर भाच्याकडं मागा, बकरी परत येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न : हा माणूस कोणाचा?

इथं मोशीत पुणे बाजार समितीचा उपबाजार आहे. आपला माल तिथं गेला की अडत्या तो विकून देतो. अडत्या माल विकत घेत नाही, तो आपला एजंट असतो. 2016 पासून फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची, असं सरकारनं ठरवलं. पैसे दुसऱ्यानं दिले तरी काम तो आपलंच करतो. मागितला की हिशेब द्यायला तो बांधलेला आहे, ते कलम 213. आपला माल त्यानं आपल्याला न सांगता स्वतःच घेतला आणि पुढं जास्त भावानं विकला, तर तो फायदा मागायचा हक्क आपल्याला आहे. म्हणून पट्टी घेतल्याशिवाय घरी जायचं नाही.

हिरड्याचं उलटं. आदिवासी विकास महामंडळ 1972 साली निघालं. ते माल घेतं तेव्हा आपल्या भागातल्या आदिवासी सहकारी संस्थांमार्फत घेतं. तिथं संस्था महामंडळाची एजंट असते, आपली नाही. केंद्रावर वजन झालं, पावती हातात आली, की माल महामंडळाला पोचला. "वरून पैसे आले नाहीत" हे सांगायला ठीक आहे, पण त्यानं देणं संपत नाही. पावती मात्र हवी.

आणि मुकादम? तो आपल्याच गावचा असतो, आपण त्याला मामा म्हणतो. पण कामावर नेतो, हजेरी लिहितो, उचल देतो ते ठेकेदाराच्या वतीनं. तिथं तो ठेकेदाराचा माणूस. त्यानं कामाचा जो दर कबूल केला तो ठेकेदारानं कबूल केला, असं आपण म्हणू शकतो. म्हणून दर आणि हजेरी आपल्याकडंही लिहिलेली हवी. ठेकेदार पळाला तर? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिलं गेलं की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मूळ मालकानं, म्हणजे कंपनीनं द्यायची. "तुम्ही आमचे नाहीत, ठेकेदाराचे" हे ऐकून गेटवरून परत फिरू नका.

दुसरा प्रश्न : त्याला अधिकार किती?

आता जमिनीकडं येऊ. चाकणपासून पुढं रस्ते रुंद होतात तसे जमिनीचे दलाल डोंगराकडं सरकतात. दलाल म्हणतो, "विक्री नाही मावशी, नुसतं मुखत्यारपत्र आहे. कचेरीच्या खेपा तुमच्या वाचतील." कुलमुखत्यारपत्र म्हणजे सगळ्या कामांचा अधिकार. खास मुखत्यारपत्र म्हणजे एका कामाचा, जसं उतारा काढणं किंवा तारखेला हजर राहणं. गरज एका कामाची असेल तर कागदही एका कामाचाच करा. "रद्द न होणारे" किंवा "रक्कम मिळाली" हे शब्द कागदात दिसले तर अंगठा थांबवा. एजंटाचा स्वतःचाच त्या जमिनीत हितसंबंध तयार झाला, तर तो अधिकार मनात आलं म्हणून काढून घेता येत नाही. कलम 202 तेच सांगतं.

पण दलालालाही एक गोष्ट ऐकवा. जे मालकालाच करता येत नाही, ते त्याच्या मुखत्याराला कसं करता येईल? जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय जात नाही, आणि विक्री असेल तर शासनाचीही मान्यता लागते. वनहक्क कायदा 2006 प्रमाणे मिळालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. सुप्रीम कोर्टानं 2011 साली सूरज लॅम्पच्या निकालात सांगितलं की नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी बदलत नाही. तरीपण ताबा गेला की तो परत मिळवायला वर्षं जातात. कायदा आपल्या बाजूनं आहे म्हणून अंगठा देऊन बघू, असं करू नका.

तिसरा प्रश्न : अधिकार काढून घेतला, तो कोणाला कळवला?

अधिकार काढून घेतला की एजंटाला ते कळेल तेव्हापासून त्याच्यापुरता संपतो. बाहेरच्याला कळेल तेव्हापासून बाहेरच्यापुरता संपतो, कलम 208. घरात भांडून "आजपासून तू आमचा नाहीस" म्हटल्यानं व्यापारी थांबत नाही. लेखी द्या, पोच घ्या. तलाठी, दुय्यम निबंधक, व्यापारी, ज्याच्या ज्याच्याकडं तो आपल्या नावानं जात होता त्या सगळ्यांना द्या.

आणि अधिकार न देताच कोणी आपल्या नावानं सौदा केला तर? तो आपल्यावर बसत नाही. पण समजून उमजून त्यातले पैसे घेतले, तर मान्यता दिली असं होतं. आणि मान्यता अर्धी देता येत नाही. पैसे चालतील, अट नको, असं जमत नाही. म्हणून असे पैसे घरी कोणी आणून दिले तर हात लावायचा नाही, आधी ग्रामसभेत सांगायचं.

ग्रामसभेलाही हेच लागू करू. गौण वनोपजावर हक्क सामूहिक आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं 2011 साली आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यानं विकला. तिथं मालक ग्रामसभा होती. समिती, अध्यक्ष, सचिव हे ग्रामसभेचे एजंट. त्यांना किती अधिकार दिला, कमीत कमी भाव काय, पैसे कुठल्या खात्यात, हे ठरावात लिहा. ठरावाची प्रत व्यापाऱ्याच्या हातात द्या, म्हणजे "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायला त्याला जागा राहत नाही. सचिव बदलला की तेही त्याला लेखी कळवा. हिशेब दर ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. सचिव आपल्या भावकीतला असला तरी हिशेब मागायचा. मागितला म्हणजे अविश्वास दाखवला, असं होत नाही.

ज्यांच्या घरात मुखत्यारपत्र, साठेखत, कोऱ्या स्टँपवर घेतलेला अंगठा, असलं काही आहे त्यांनी त्याची झेरॉक्स पुढच्या बैठकीला आणावी. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नये, आमच्याही नाही. म्हाताऱ्या माणसांना गावी जाऊन विचारा, त्यांचा अंगठा कुठं कुठं लागला आहे. लाजून लपवलेला कागद पुढं फार महागात जातो.

जिंदाबाद!