मोटारीतील कळ आणि पडदा

पावसाळ्यात बिबवेवाडीहून कोंढव्याकडे आपण कधी मोटार नेली असेल, तर पुढची काच आतून कशी धुरकटते ते मी सांगायला नको. समोर बस, डाव्या अंगाला रिक्षा, मधूनच घुसणारी स्कूटर! अशा वेळी काचेवर वारा सोडायची कळ जुन्या गाडीत हाताला आपोआप सापडे. ती किती फिरली, हे बोटांनाच कळे. डोळे रस्त्यावरच राहत.

आता पुष्कळ नव्या गाड्यांत त्या जागी गुळगुळीत पडदा आला आहे. त्यावरचे चित्र बोटाला कसे कळणार? ते पाहूनच शोधावे लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत सोळा मीटरांहून अधिक पुढे जाते. तेवढ्यात शाळेचे पोर रस्ता ओलांडायला लागलेले असते!

स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मासिकाने २०२२ साली याचीच परीक्षा घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगात वारा, रेडिओ वगैरे चार साधी कामे करायची. २००५ सालच्या कळांच्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत, ३०६ मीटरांत उरकली. पडद्याच्या एका नव्या गाडीला लागले जवळजवळ ४५ सेकंद, आणि तोवर १,३७२ मीटर रस्ता मागे पडला. बरे, चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता.

मग कारखानदार पडदा का बसवतात? निरनिराळ्या कळा, त्यांच्या तारा, त्यांची जुळणी यांपेक्षा एक पडदा स्वस्त पडतो, आणि दुकानात दिसतोही ऐटदार. नकाशा पाहायला किंवा गाडी मागे घेताना तो उपयोगी आहे, यात वाद नाही. पण वायपरसाठी पडदा? हे काही माझ्या गळी उतरत नाही.

युरोपातील गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ संस्थेने जानेवारी २०२६ पासूनच्या नियमांत वायपर, भोंगा, वळण्याचे दिवे यांच्या वेगळ्या कळांना महत्त्व दिले आहे. आपण गाडी घ्यायला जाल, तेव्हा उभ्या गाडीत बसा, डोळे मिटा, आणि वायपर व काचेवरचा वारा हाताने सापडतो का पाहा. विक्रेता हसेल, हसू द्या.