शेवटचा गीतसंच

श्रोतेहो, नाटक संपलें हें पडदा पडतांच प्रेक्षकांस कळतें. गायकवादकांच्या मेळ्याचें तसें नसतें. एखादा गीतसंच त्यांचा शेवटचा ठरला, हें पुष्कळ वर्षांनीं ध्यानांत येतें. मुंबईच्या अशाच एका मेळ्याविषयीं आज बोलावयाचें आहे.

‘पेंटाग्राम’ हें त्याचें नांव. विशाल ददलानी हे गायक, रँडॉल्फ कोरेया हे गिटारवादक, आणि तालस्वरांस आणखी दोघे सोबती. रॉक नांवाच्या पाश्चात्य संगीताची रूढ वाट सोडून जाणारी जी शाखा आहे, ती ह्या चौघांनीं धरिली. पुढें गिटारीच्या जोडीस यंत्रनिर्मित स्वरही घेतले. त्यांचा पहिला संच १९९६ सालीं निघाला. दुसरा, ‘अप’, २००२ सालीं. तिसरा २००७ सालीं. आणि चौथा, ‘ब्लडीवूड’, २०११ सालीं. मधलें अंतर पाहा: सहा वर्षें, पांच वर्षें, चार वर्षें. शाळेंतील मुलानेंही पांचव्या संचासाठीं २०१४ साल सांगितलें असतें. तें साल आलें आणि गेलें. संच मात्र आला नाहीं.

चौघांचे मार्ग तोंवर रुंदावले होते. ददलानी हे शेखर रावजियानी ह्यांच्यासह हिंदी चित्रपटांस संगीत देत होते. कोरेया हे मोनिका डोगरा ह्यांच्याबरोबर दुसरा मेळा चालवीत होते. ‘ब्लडीवूड’ ह्या नांवांत चित्रसृष्टीस कोपरखळी आहे, आणि ती मारणारा गायक त्याच सृष्टींत नांवारूपास आलेला!

त्याच २०११ सालीं अमेरिकेंतील ‘आर. ई. एम.’ ह्या मेळ्यानें मार्च महिन्यांत आपला शेवटचा संच काढिला आणि २१ सप्टेंबर रोजीं, एकतीस वर्षांच्या सहवासानंतर, आपण थांबत आहों असें जाहीर केलें. आरती करून कीर्तनकारानें खालीं उतरावें, तसा हा निरोप.

परंतु बहुतेक मेळ्यांस असा निरोप लाभत नाहीं. आमच्या पनवेलीकडील भजनी मंडळांचेंच पाहा ना. मृदंगी नोकरीनिमित्त मुंबईस जातो, पेटीवाला पुण्यास. एक एकादशी चुकते, मग दुसरी. भांडण होत नाहीं, मंडळ मोडलें असें कोणी म्हणतही नाहीं; टाळ तेवढे खुंटीवर राहतात.

म्हणून शेवटचा गीतसंच मृत्युलेख समजून ऐकूं नये. निरनिराळ्या उद्योगांत गुंतलेलीं चार माणसें वेळ काढून एका तालावर आलीं, ह्याची ती साक्ष आहे. हें एकत्र येणें गृहीत धरण्याजोगें नव्हे; तें दर वेळीं नव्यानें घडवावें लागतें. आपणांपैकीं ज्यांच्या मंडळाची एखादी बैठक चुकली असेल, त्यांनीं पुढची चुकवूं नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.