शस्त्र, शिपाई आणि नागरिक

(जामखेड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय तुमच्यापैकी पुष्कळांना अनपेक्षित वाटेल. ज्यांच्या घरात कधी बंदूक आली नाही आणि येण्याचा संभवही नाही, त्यांना बंदुकीच्या कायद्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, हा कायदा बंदूक बाळगणाऱ्यापेक्षा बंदूक न बाळगणाऱ्याच्या अधिक उपयोगाचा आहे. कमरेला पिस्तूल लावून बाजारातून चालणाऱ्या माणसाला पोलिसाने थांबवावे की नाही, हा वाद वरवर पाहता त्या दोघांचाच दिसतो. परंतु त्यात एक तिसरा पक्षही आहे. रस्त्याच्या कडेने निःशस्त्र जाणारे तुम्ही-आम्ही, हाच तो पक्ष होय.

जामखेडला हा प्रश्न परका नाही. २८ एप्रिल २०१८ रोजी याच शहरात दोन तरुणांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. आपल्या तालुक्याला लागूनच बीड जिल्हा आहे. तेथे डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, आणि त्यानंतर लोकांना समजले की, त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने दिलेले आहेत. पिस्तूल हातात घेऊन मिरविणाऱ्यांची चित्रे सर्वांनी पाहिली. पुढे शंभराहून अधिक परवाने रद्द करावे लागले. परवाना मागताना कारण सांगावयाचे आत्मसंरक्षणाचे, आणि मिळाल्यावर उपयोग करावयाचा दरारा बसविण्यासाठी, ही रीत आपल्याकडे नवी नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे १९ वे कलम स्पष्ट आहे. शस्त्र घेऊन जाणाऱ्या कोणत्याही व्यक्तीजवळ कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. त्यासाठी संशयाचे निराळे कारण लागत नाही. परवाना दाखविता आला नाही, तर अधिकाऱ्याने नाव व पत्ता विचारावा आणि आवश्यक वाटल्यास शस्त्र जप्त करावे. नाव सांगण्यास नकार दिला, ते खोटे वाटले किंवा माणूस पळून जाईल असे दिसले, तरच वॉरंटावाचून अटक करावी. या पायऱ्या नीट लक्षात ठेवा. पहिल्या पायरीवर फक्त प्रश्न आहे; तेथे शिवी नाही आणि काठीही नाही.

शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकालाही सार्वजनिक ठिकाणी बंदूक झाकूनच न्यावी लागते. ती कोणावर रोखून किंवा नाचवून दाखविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नाच्या वरातीत किंवा जल्लोषात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

यावर परवानाधारक म्हणतो, "सरकारनेच चौकशी करून मला परवाना दिला. मग रस्त्यारस्त्यावर मला चोरासारखे का अडवावे?" हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. अधिकार हाती आला की तो छळासाठी वापरण्याचा मोह शिपायाला होतो, हे आपल्याइतके कोणी अनुभवलेले नाही. परंतु परवाना खिशात असतो आणि पिस्तूल कमरेला दिसते. पाहणाऱ्याला फक्त पिस्तूल दिसते. परवाना कोणी विचारल्यावाचून दिसत नाही. निःशस्त्र माणसाला तो विचारण्याचे धैर्य होत नाही, म्हणूनच विचारण्याचे काम समाजाने पोलिसाकडे सोपविले आहे. मोटार चालविणाऱ्याने परवाना दाखविला तर त्याची अब्रू जात नाही. मग बंदूकवाल्याची का जावी?

या वादाचे दुसरे टोक पाहावयाचे तर अमेरिकेकडे पाहा. तेथे शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क मानला जातो, आणि उघड बंदूक बाळगण्यास मुभा असलेल्या राज्यांत केवळ बंदूक दिसली एवढ्यावरून माणसाला अडविता येते काय, यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. पण त्या हक्काचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९६६ साली ओकलंड येथे ब्लॅक पँथर पक्ष निघाला. पोलीस काळ्या वस्तीत कसे वागतात यावर त्याचे तरुण भरलेल्या बंदुका उघड घेऊन पाळत ठेवीत, आणि त्या वेळच्या कायद्याने त्यास मनाई नव्हती. मे १९६७ मध्ये ते बंदुकांसह कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी भरलेली बंदूक उघड बाळगण्यास बंदी करणारा कायदा झाला आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने ज्यांचे नाव घेतले, ते हेच पँथर. गोऱ्याच्या खांद्यावरची बंदूक हक्क ठरली होती. काळ्याच्या खांद्यावर येताच ती धोका ठरली.

आपल्या देशातही १८७८ च्या शस्त्र कायद्याखाली हिंदी माणसाला परवान्याची अट होती, तर युरोपियनाला तीतून सूट होती. म्हणून अधिकार असावा की नसावा, एवढ्यावर वाद संपत नाही. प्रश्न सर्वांना सारखाच विचारला जातो काय, हा वादाचा गाभा आहे. कायद्याने प्रश्न शस्त्राला विचारण्यास सांगितला आहे, जातीला नाही. पाटलाच्या मुलाच्या कमरेचे पिस्तूल पाहून मान वळवावयाची आणि आपल्या वस्तीतल्या पोराच्या रिकाम्या खिशांची झडती घ्यावयाची, असे जेथे घडते तेथे १९ वे कलम मोडले जाते, आणि संविधानाचे १४ वे कलमही मोडले जाते.

दहशतीसाठी नेहमी बंदूकच लागते असे नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी आपल्याच तालुक्यातील खर्डा येथे १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. त्या खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. जेथे निःशस्त्र गावातही साक्ष टिकत नाही, तेथे उघड मिरविलेल्या पिस्तुलासमोर ती कशी टिकेल, याचा विचार करा.

म्हणून तुम्हांला काही गोष्टी सांगतो. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण तुम्हांलाही आहे. त्याखालील १९९५ च्या नियमांपैकी तिसरा नियम असा की, अत्याचारप्रवण म्हणून निश्चित केलेल्या भागात अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत, आणि बेकायदा शस्त्रे जप्त करावीत. आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्रपरवाना देण्याचीही तरतूद त्यात आहे. परंतु बंदुकीमागे बंदूक लावीत जाणे हा आपला मार्ग नव्हे. भगवान बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला आहे.

आपला मार्ग लेखी अर्जाचा आहे. गावात कोणी शस्त्र मिरवून धाक दाखवीत असेल, तर दिवस, वेळ व ठिकाण लिहून ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाण्याने गुन्हा नोंदविण्याचे नाकारले, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने कळवा. तेथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्याकडे जा. अत्याचाराची फिर्याद जाणूनबुजून न नोंदविणाऱ्या, स्वतः अनुसूचित जाती-जमातींचा नसलेल्या सरकारी नोकराला १९८९ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाने ६ महिने ते १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जिल्हाधिकारी मुंबई, आताच्या महाराष्ट्र, पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाई हुकूम काढतात. त्या हुकमात बंदूक येते तशी काठीही येते. तेव्हा १४ एप्रिलच्या मिरवणुकीपूर्वी तो वाचा आणि आधी स्वतः पाळा. स्वतः नियम पाळणाऱ्यालाच दुसऱ्याचा नियमभंग ताठ मानेने दाखविता येतो.

आणि तुम्हांला कोणी अडविले, तर शांतपणे नाव सांगा व कारण विचारा. अटक झाली तर कारण कळण्याचा, वकील भेटण्याचा आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचा हक्क संविधानाच्या २२ व्या कलमाने दिला आहे. तो मागताना आवाज चढवू नका, आणि खालीही आणू नका.

शिपायाने शस्त्रधाऱ्याला थांबवावे. ते त्याचे कर्तव्य आहे. त्याने कोणाला थांबविले आणि कोणाला सोडले, याची नोंद ठेवणे हे तुमचे कर्तव्य आहे. प्रत्येक वस्तीत यासाठी एक वही ठेवा आणि ती लिहिण्याचे काम शिकलेल्या मुलीकडे द्या. तिच्या हातातील लेखणी पाहून कोणी वाट सोडणार नाही. परंतु तिने लिहिलेला अर्ज न्यायालयापर्यंत पोचतो. जय भीम.